पुढे सरका

पोरगा हैदराबादला गेला आणि कॅमेरा इथंच राहिला.
म्हणाला, अण्णा, बसून काय करता, फोटो काढा.
कशाचे, ते नाही सांगितलं.

मग मीही सगळ्यांसारखा सिंहगडावर गेलो,
पहाटे, पायी, गुडघ्यांना न विचारता.
सूर्य उगवला. पस्तीस-चाळीस मोबाईल आणि मी,
सगळ्यांनी तोच एक सूर्य आपापल्या खिशात घातला.
उतरताना पाय घसरला.
मी वाचलो, भिंग आपटलं.

कॅम्पात तय्यबभाईंनी कडी फिरवून पाहिली.
फिरेना.
"दोन हातांवर अडकलाय फोकस, जगदाळे.
तेवढ्यावरचं साफ येईल, पुढचं सगळं धुकं.
पार्ट मुंबईहून येणार. महिना धरून चाला."

दोन हात.
एकतीस वर्षं कात्रज–शिवाजीनगर केलं मी,
दोन हातांच्या पलीकडं प्रवासी कधी नव्हताच.
आणि आठवतं काय, तर तळवे.
मंडईतून आलेला, झेंडूचा वास असलेला.
चुन्यानं फाटलेला.
भारती विद्यापीठापासून मूठ आवळून
घामानं ओली केलेली बरोब्बर सुट्टी नाणी.
वर तोंड होतं प्रत्येकाला, असणारच.
मी पंच टिकटिकवायचो आणि म्हणायचो,
पुढे सरका.

आता कॅमेरा मला म्हणतो.

सरकलो.
स्वारगेटला चपला शिवणाऱ्या किसनच्या अंगठ्यावर
दोऱ्यानं पाडलेली खाच.
रसवंतीच्या घुंगरांतलं एकच, ज्यात आवाज उरला नाही.
बसच्या काचेला तेलकट डोकं टेकून कुणी झोपलं असेल,
त्याचा गोल डाग,
आणि डागातून दिसणारी सारसबाग, धुक्यातली.
सार्वजनिक नळाच्या तोटीला बांधलेलं फडकं,
थेंब सुटायच्या आधी फुगलेलं.
लोक विचारतात, पेपरात येणार का?
नाही म्हटलं की मान सैल सोडतात.
तेव्हा काढायचा.

मेथीवाली मात्र म्हणाली, नको.
मी कॅमेरा खाली घेतला आणि एक जुडी घेतली.
तिच्या नखांतली माती डोळ्यांपुढून जात नाही अजून.
काढला असता तर एव्हाना विसरलो असतो.

एकदा आमच्याच रूटला बसलो.
कंडक्टर मुलगी, कालिंदी नावाची,
मशीनमधून तिकीट फाडताना खालचा ओठ दातांत धरायची.
प्रत्येक तिकिटाला. तिला माहीतही नसावं.
मी गर्दीतून अगदी जवळ गेलो.
"काका, पुढे सरका की!"
बस काही हसली नाही.
मीच हसलो, आणि दांड्याला धरून सरकलो.

घरी हौसा डाळिंब सोलत होती.
दोन हातांवर बसलो, डोळा लावला.
भुवईत एक पांढरी रेघ. जुनी जखम.
"हे कधी लागलं?"
"लग्नाआधी. विहिरीचा रहाट."
एक दाणा तोंडात टाकला तिनं.
"आता विचारताय? काढा, काढा."
हात हलला.
फोटोत भुवई नाहीच, डाळिंब आलंय, तेही अर्धं.
तो मी पुसलेला नाही.

काल तय्यबभाईंचा फोन. पार्ट आला.
म्हटलं, बसवा, डोंगरही लागतील कधीतरी.
पण कडी जिथं अडकली होती ना,
तिथं एक ठिपका द्या.
"कशाचा?"
"असेल त्याचा."

गुलाबी निघाला.
त्यांच्या सुनेची नेलपॉलिश असावी.