काउंट

मिरकरवाड्यामागच्या शेडमध्ये चाळीस फॉर्म आले.
नाव लिहायचं नाही. एक ते पाच, आकड्याला गोल.
ज्यांना वाचता येत नाही त्यांना मी वाचून दाखवायचं,
हात ओले, म्हणून पेनही मीच धरायचं.

'इथे तुम्हाला आपलं मानतात का?'
हमिदा दर्वेंनी कोळंबीचं डोकं मोडलं.
'एक.'
'तुमचं म्हणणं ऐकून घेतात का?'
तेवढ्यात ब्लास्ट फ्रीझर सुरू झाला.
मी पुन्हा विचारलं, ओरडून.
'एकच लिव गो.'

ओडिशाची सुबासिनी तीनवर बोट ठेवून राहिली,
'बाकीच्या काय म्हणाल्या?'
लोडिंगचा दिलबहादूर हसला:
नाव नको, मग मूळ गाव कशाला?
नेपाळचा इथे मी एकटाच.

सरासरी तीन पूर्णांक दोन.
कोचीच्या ऑफिसला कळवली
आणि मग वजनकाट्याजवळची पाटी दिसली, रोजचीच:
वीस काउंट, टपोरी. साठ काउंट, बारीक.
आकडा लहान तेवढा माल मोठा.
या बायका बावीस वर्षं असंच मोजतात.

हमिदाबींचं एक कुठलं?

विचारायला धावले, तर शेड धुऊन झालेली,
शेवटची सहाआसनी वळणावर.
त्या डबा खातात बर्फाच्या मशीनमागे,
उलट्या क्रेटवर बसून.
समोर आणखी एक क्रेट असतो, तोही उलटा.
त्यावर कोण बसतं,
की पाय ठेवायला घेतलाय,
चार वर्षांत मी तिकडे गेलेच नाही.