ओल आणणे, नग तीन

बिलात माझं काम असं लिहितात:
‘भिंतीला ओल आणणे, नग तीन.’
कोऱ्या प्लायवर आधी चुना,
मग चहाचं पाणी, चिमूटभर गेरू,
स्पंजने थापत थापत वरून खाली यायचं,
पाणी जसं उतरतं तसं.
डायरेक्टर लांबून डोळे बारीक करतात.
‘पेंटर, अजून गरीब कर.’
मी अजून गरीब करतो.

ओवळ्याच्या पुढे, घोडबंदर रोडवरून आत,
बंद पडलेल्या कंपनीची शेड आहे.
रोहिदासचा बाप इथं बॉबिन भरायचा.
रोहिदास त्याच खांबाला टेकून लाइट धरतो
चार दोस्तांच्या खोलीवर.
म्हणजे मालिकेतल्या.
भाडं थकलेलं, गॅस संपलेला,
इस्त्रीचा शर्ट चौघांत एक,
ज्याची मुलाखत त्यानं घालायचा.
लोक खूप हसतात म्हणे.

अल्ताफनं खोली पावलांनी मोजली. सोळा बाय चौदा.
तोंडातले खिळे न काढता म्हणाला,
‘यांच्या गरिबीत माझं घर दोनदा बसतं.
मोरी धरून.’

घरमालक येतो तो सीन आमचा आहे.
खरंच आमचा. लोकमान्य नगरात,
गेल्या दिवाळीच्या तोंडावर
मालक जिना चढताना ऐकून चिंतामणनं
आतून कापरा आवाज काढला,
‘ते नाहीत हो घरी, मी त्यांची मावशी.’
मालक म्हणाला, ‘मावशी, तब्येतीला जपा.
आणि भाच्याला सांगा,
पळताना चपला दारात राहिल्यात.’

हे चिंतामणनं सेटवर चहा वाटता वाटता सांगितलं.
लेखकसाहेब बिस्कीट बुडवत होते,
बिस्कीट कपात पडलं तरी त्यांना पत्ता नाही.
तीन आठवड्यांनी मावशी टीव्हीवर.
रिक्षा स्टँडमागच्या सलूनमध्ये आम्ही ती पाहिली,
अर्धी दाढी झालेला एक माणूस
वस्तऱ्याखालून मान वळवून हसला.
चिंतामण सगळ्यांत मोठ्यानं हसला.
बाहेर आल्यावर म्हणाला,
‘चपलांचं काढून टाकलं रे त्यांनी.
सगळी गंमत चपलांवरच होती.’

मालिकेतल्या दोस्तांची अडचण तेवीस मिनिटांत सुटते.
आमचे पैसे नव्वद दिवसांनी येतात,
तेही आले तर.
रोहिदासच्या बहिणीचं बाळंतपण
दोन शेड्यूलच्या मधे पडलं.
तेव्हा आमच्यात एकच अंगठी होती, अल्ताफची.
ती तीनदा सोनाराकडे गेली, दोनदा परत आली.
हे आम्ही सेटवर कुणाला सांगितलं नाही.
लेखकसाहेब जवळच बसलेले असतात.

मार्चमध्ये मालिका अचानक संपली.
शेवटच्या भागात चौघांना नोकरी लागली, एकदम,
जशी खऱ्यात कुणालाच लागत नाही.
मग ‘पॅक अप’, आणि लगेच हातोडे.
अल्ताफनंच ठोकलेलं अल्ताफनंच उखडलं,
एक दार त्याला मिळालं, बिनकडीचं.
मी माझी एक भिंत मागून घेतली.
टेम्पोवाला म्हणाला, ‘ही सडकी कशाला नेताय?’
मला बरं वाटलं.

खोलीत खऱ्या ओलीवर ती प्लाय ठोकली.
खरी ओल हिरवट असते,
कडेला मिठासारखी फुलते.
म्हणजे इतकी वर्षं
मी चहा जास्तच घालत होतो.

चार वर्षं मालक खऱ्या भिंतीपुढं उभा राहून
‘ही ओल नाही, सावली आहे’ म्हणायचा.
या वेळी आला, प्लायसमोर थांबला,
अंगठा दाबून बघणार होता,
पण हात मागे घेतला.
‘अरेरे,’ म्हणाला, ‘फारच झालंय.
बघू. भाडं पुढच्या महिन्यात द्या.’

आम्ही तिघं मान खाली घालून उभे.
मी मनातल्या मनात बिल फाडलं:
नग एक.
तो शेवटची पायरी उतरेपर्यंत
कुणी श्वाससुद्धा सोडला नाही,
मग चिंतामण मावशीच्या आवाजात म्हणाला,
‘सांभाळून जा हो.’