पुढच्याला रस्ता, मागच्याला धूळ

हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली, दोन बोटं जातील इतकाच सैल.
गॉगल काढायचा नाही. फोटोसाठीसुद्धा नाही.
माझा हात वर गेला की थांबायचं,
तुमचा हात वर दिसला की मागच्याने थांबायचं.
असा एक हात सात बग्ग्यांतून मागे मागे जातो
आणि सातवीला कळतं तेव्हा पहिली निघालेली असते.

हे मी चार भाषांत सांगतो.
पाचवी माझी स्वतःची,
तिच्यात सांगायची वेळ कधी आली नाही.

साल रेईचा फरसबंद रस्ता संपला
की इंजिनं घसा खाकरतात.
मग दगड, मग काटेरी झुडपं
वाऱ्याने एकाच बाजूला विंचरलेली,
मग व्हियानाची वाळू, पांढरी, उताराला निळसर.
ही वाळू इथली नाही, मी सांगतो,
समुद्रापलीकडच्या वाळवंटातून वाऱ्यावर बसून आली.
"तिकीट न काढता?" कुणीतरी विचारतं.
सगळे हसतात.
मीही हसतो, दर मंगळवारी आणि शनिवारी.

पुढचं सांगत नाही:
की वारा आणतो तेवढं नेतोही.
झेझिन्यो रॉटरडॅमला, क्रेनच्या खोक्यात बसलेला.
वर्गातल्या एकवीस जणांपैकी
आम्ही बेटावर पाच उरलो,
त्यातले दोघे बग्ग्या दुरुस्त करतात.

किनाऱ्यावर चाक न्यायचं नाही.
ट्रॅक्टर गेल्यासारखी ती नक्षी कासवीची आहे,
रात्री आली, अंडी पुरली, गेली.
चौथ्या गाडीतल्या पोराचं चाक तरी तिकडे वळतंच.
मी धावतो. ओरडत नाही.
त्याला खाली उतरवतो, नक्षीशेजारी उभा करतो,
आणि तो आपण होऊन बूट काढतो.
का ते त्यालाही माहीत नसावं.

गंजलेलं जहाज दर खेपेला थोडं कमी असतं.
जुनं पोस्टकार्ड हातात घेऊन आलेल्यांना वाटतं
मी त्यांना दुसरंच जहाज दाखवतोय.

परतीच्या वाटेवर राबिलच्या अलीकडे
शेळ्या.
माझा हात वर जातो. मागे सहा हात वर जातात.
धूळ मात्र कुणाचं ऐकत नाही,
ती आम्हाला ओलांडून पुढे जाते
आणि शेळ्यांमागून येणाऱ्या बाईवर बसते,
तिच्या डोक्यावरच्या पाण्याच्या डब्यावर,
कुंपणाच्या तारेवर वाळत घातलेल्या चादरीवर.

"मेल्यांनो, गोल गोल फिरता आणि पैसे देता वर!
तुमच्या चाकांना वाळवी लागो!"

माझी आई.
तिला सांगितलंय, हॉटेलात आहे मी,
सावलीत, चाव्यांच्या फळीमागे.
हेल्मेट, गॉगल, तोंडावर फडकं:
मी कुणीही असू शकतो.

"काय म्हणाल्या त्या?" शेजारची बाई विचारते.
"सुखरूप जा, म्हणाल्या," मी चारही भाषांत सांगतो.
सगळे तिला हात हलवतात.
ती काठी हलवते.
पहिल्या गिअरमध्ये, पाऊल न वाजवता चालावं तसा
मी सात गाड्या तिच्या दारावरून नेतो.

रात्री काचूपा वाढता वाढता म्हणते,
आज परत आले होते ते उंडगे.
पण पुढचा बरा आहे हो,
शेळ्या दिसल्या की थांबतो.
कुणीतरी वळण लावलेलं दिसतंय.

मी मान खाली घालून जेवतो.
डोळ्यांभोवती गॉगलच्या दोन स्वच्छ चकत्या
साबणाने कितीही घासल्या
तरी बाकीच्या चेहऱ्याशी जुळत नाहीत.
ती दिवा थोडा जवळ सरकवते.
दाताखाली एक खडा येतो.