चार बोटं

मष्णू गावड्यानं कॅम्पातल्या लिलावात गॅसची शेगडी धरली,
खोली उबवायची, कुण्या साहेबाच्या बंगल्यातली.
पुढे जाळी शाबूत,
मागे धुराड्याला तोंड आहे, धुराडं नाही.
"तेवढं तू बघ की," म्हणाला फोनवर.

खानापूर सुटलं, जांबोटी गेली,
कणकुंबीत पौषाचं धुकं दारातच बसलेलं.
बसू मागे चार इंची पाइप कवटाळून,
बैलहोंगलचा पोरगा, डोंगर बघून गप्प झालेला.

खोली फणसाच्या फळ्यांची.
मष्णूच्या बापानं एकेक फळी रंधली होती,
सांध्यात वाळलेलं शेणसुद्धा अजून आहे.
आत त्याची बायको, सातेरीव्वा,
छातीत कफ, खांद्यावर दोन घोंगड्या.

"पाइपाएवढंच भोक पाड," मष्णू म्हणाला,
"घट्ट बसव. घाटावरचा वारा सुईएवढ्या फटीतून शिरतोय."

तसं जमतंय, म्हटलो. खरं...

आमच्याकडं 'खरं' म्हणजे 'पण'.
कोल्हापुराच्या पलीकडचे हसतात त्याला.
हसू देत. माझ्या धंद्यात
प्रत्येक खऱ्याच्या पाठीला एक पण असतोच.

नंदगडात एका बेकरीचा पाइप मी घट्ट बसवला होता,
सागाच्या फळीत, चपखल,
मालकानं खांद्यावर थाप मारली, बटर खायला दिले.
लाकूड एका दिवसात पेटत नाही.
रोज थोडं तापतं, रोज थोडं वाळतं,
आतल्या आत कोळशाच्या वळणाला लागतं,
आणि तिसऱ्या वर्षी एका साध्या मंगळवारी
ज्या उबेला पूर्वी काही झालं नव्हतं
त्याच उबेला हो म्हणतं.
माणूस गेलं नाही. मैदा गेला, छप्पर गेलं.
मालक काही बोलला नाही, तेच लागलं.

म्हणून बसूला म्हटलो, बोटं ठेव.
पाइपाच्या कडेला त्यानं तळहात आडवा लावला:
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.
वर चार, खाली चार, दोन्ही बाजूंना चार.
पेन्सिलीनं गोल मारला, परातीएवढा.
मष्णू बापाच्या फळीकडं बघत बसला,
मग उठून बाहेर गेला, करवतीचा आवाज थांबेपर्यंत.

भोकात पत्र्याची बाही, बाहीत पाइप,
मधल्या पोकळीत दगडी लोकर,
अंगाला खाजणारी, आगीला न ऐकणारी.
आतून बाहेरून सिमेंटच्या शीटची चकती, तिच्यावर पत्रा.
पाइपाला लाकडाचा वाससुद्धा लागू दिला नाही.
बाहेर वळचणीच्या पुढे काढून
वर नेला, टोपी घातली,
खिडकीपासून लांब,
नाहीतर गेलेला धूर पाहुण्यासारखा परत येतो,
आणि ह्या धुराला रंग नसतो, वास नसतो,
झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही.

शेगडी लावली. दहा मिनिटं थांबलो.
सातेरीव्वानं देवळीतली उदबत्ती दिली,
ती धरली धुराड्याच्या तोंडाशी.
धूर जरा घुटमळला,
मग मान वळवून आत ओढला गेला, सरळ.
"होगे होय्तु," बसू म्हणाला.
मष्णूला कन्नड चार शब्दांपुरतं येतं. हे चारातलं होतं.
"गेला," तो म्हणाला.

तासाभरानं त्याला बोलावलं, फळीवर हात ठेवायला लावला.
ठेवला. काढला नाही लगेच.
"गारच आहे."
कुणाला सांगत होता कुणास ठाऊक.

पैसे घेऊन निघालो तेव्हा
कापून काढलेली ती गोल चकती शोधत होतो, कचरा म्हणून न्यायला.
सापडली नाही.
सातेरीव्वानं ती धुऊन
पाण्याच्या घागरीवर झाकण ठेवली होती,
पिवळीजर्द,
मधोमध बसूच्या पेन्सिलीचा ठिपका.