चोर माळी आहे

नेरूळला समाजमंदिराच्या मागे
कधीकाळी पाण्याच्या पंपासाठी बांधलेली एक खोली आहे.
पंप गेला, ग्रीसचा वास राहिला.
आता तिथे अकराशे पुस्तकं, आणि मी.
साडेचार ते साडेसात. सोमवारी बंद.

आया मुलांना पुढे ढकलतात.
"याला काहीतरी चांगलं द्या हो, बोध होईल असं."
मुलगा वर पंख्याकडे बघत असतो.
मी विचारते, अंधाराची भीती वाटते का रे?
तो आईकडे बघून 'नाही' म्हणतो.
म्हणजे वाटते.
मग खालच्या फळीवरचं, निळ्या पाठीचं, दीपगृहाचं.
अंधार त्यात भरपूर आहे,
पण प्रत्येक प्रकरण संपता संपता कुणीतरी कंदील लावतं.
दहा वर्षांच्या माणसाला एवढा करार पुरतो.

जिला खरंच भीती वाटत नाही, तिला भुयाराचं.
वर बजावते, रात्री वाचायचं नाही हं.
म्हणजे ती रात्रीच वाचणार.

ऐरोलीहून शाळा बदलून आलेला एक जण
डबा एकटाच खातो म्हणे.
त्याला गुप्तलिपीचं दिलं.
त्यात शेवटी दोस्त मिळतो, खजिना मिळत नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही.

भिंगवाल्या त्या मोठ्या गुप्तहेराचे सहा भाग आहेत,
ते मागितल्याशिवाय देत नाही.
सहा भागांत त्याला एकदाही भूक लागत नाही.
अशा माणसावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

तर, मे महिन्यात
बंगल्यातल्या चोरीचं पुस्तक परत आलं,
आणि नवव्या पानाच्या समासात, पेन्सिलीने :
चोर माळी आहे.

माझं डोकंच फिरलं.
दीडशे पानांची मजा कुणी नवव्या पानावर मारतं का?
खोडरबर काढला.
मग खरं सांगायचं तर मलाच आठवेना, चोर कोण होता.
उभ्या उभ्या वाचत गेले, वाचता वाचता बसले,
साडेसातचे साडेआठ झाले, वॉचमन डोकावून गेला.

माळी चोर नाही.
बिचारा रात्री उठतो, कारण पाणी रात्रीच येतं.
चोर भलताच आहे.
(इथेही सांगणार नाही.)

मग दीपगृहाचं उघडलं. पान नऊ : मास्तरांवर लक्ष ठेवा.
मास्तर दुसऱ्या प्रकरणात लग्नाला गावी जातात
ते पुन्हा येतच नाहीत.
भुयाराचं. पान नऊ : कुत्रा खरं तर माणूस आहे.
सात पुस्तकं, सात थापा,
आणि प्रत्येक 'ळ' आडवा पडलेला,
झोपलेल्या आठासारखा.

खोडरबर परत खणात ठेवला.
दुसऱ्या दिवशी नवीन वही काढून टेबलावर मांडली :
सगळ्यांनी आपापला पत्ता लिहा,
सरकारी काम आहे.

पाचव्या दिवशी सापडला.
निमिष तांडेल, सहावी ब,
सारसोळे, नेरूळ.
दोन्ही 'ळ' गाढ झोपलेले.

मी काही बोलले नाही.
कालच शिक्का मारलेलं, डिंकाचा वास न गेलेलं,
जहाजाचं पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं.
म्हटलं, अजून कुणी उघडलेलं नाही. नववं पान अगदी कोरं आहे.
त्याचे कान लाल झाले.
पुस्तक शर्टाखाली घालून सायकलवर गेला.

आठ दिवसांनी आणून दिलं.
नववं पान कोरं.
दहावं कोरं. दोनशे बारा पानं,
मलपृष्ठाची आतली बाजू, कार्डाचा खिसा,
उजेडासमोर धरून बघितलं.
काही नाही.
आणि जाताना तो हसला होता.

तिसऱ्यांदा वाचतेय.
अकराव्या प्रकरणात स्वयंपाकी दोनदा खोकतो,
ते मला आधी दिसलंच नव्हतं.
एक मुलगी रोज येऊन विचारते, जहाजाचं आलं का?
मी म्हणते, नाही गं,
बाहेर गेलंय.