आहेस का?

तार्तूत नदी गोठली की
काल्यो सर्व्हरच्या खोलीत यायचा हात शेकायला.
म्हणायचा, इथे निदान कुणीतरी जागं असतं.

त्यानंच लिहिलेला तो प्रोग्राम,
दर पाच सेकंदांनी एकेका यंत्राला हाक घालणारा :
आहेस का?
आहे.
आहेस का?
आहे.
तीन हाका वाया गेल्या
की त्याचं ओझं मुकाट शेजारच्याच्या खांद्यावर.
"रडायचं ते मागून,
आधी लोकांची पानं उघडू देत."

दारावरचा कॅमेराही त्याचाच.
दोन डोळ्यांतलं अंतर, जबड्याची रेघ, नाकाचा उतार...
माणूस त्याच्या लेखी एकशे अठ्ठावीस आकडे.
तो फसतो का बघायला
आम्ही दाढ्या वाढवल्या, मफलर गुंडाळले,
हेल्गीनं तर तोंडाला पीठ फासलं.

फेब्रुवारीत काल्यो गेला.

मार्चमध्ये मुलगी आली त्याची, मारिका,
कप आणि लोकरी मोजे न्यायला.
मी आतून कळ दाबणार
तोच दार उघडलं.
पडद्यावर हिरवी अक्षरं :
सुप्रभात, काल्यो. जुळणी त्र्याऐंशी टक्के.

ती बराच वेळ तिथेच.
मग हनुवटी चाचपत म्हणाली,
"मी आईवर गेलेय म्हणतात सगळे."

चूक म्हणून नोंद केली मी, वेळेसकट.
उंबरठा जरा उंच करायला हवा,
पंचाऐंशीवर तरी.
राहिलंय ते.

मोजा एकच सापडला.
दुसरा असेल कुठल्यातरी रॅकमागे,
गरम हवेत.