बार्तांगला फोन

पहाटे स्फोट झाला. हातातली बशी तशीच टाकून
मी ओट्याखाली बसलो.
स्विस हॉटेलात कुणाची कॉफीही हिंदकळली नाही.

"बर्फ पाडतात, ठरल्या वेळी," उर्स म्हणाला,
आणि खिडकीतून दाखवली
उतारावरची पोलादी कुंपणं, रांगेवर रांग,
जणू बर्फ म्हणजे ओढाळ गुरं.

रात्री पामीरला फोन लागला. आई म्हणाली,
तीन दिवस पडतंय,
गाय नेलीय मामदशोच्या कातळाआड,
निजतो बुटांसकट.
"तिथे कोण फोडतं डोंगर?"
"सरकार."
"आपल्याकडेही येतं की. बर्फ वितळल्यावर. मोजायला."

मग बराच वेळ नुसती खरखर.
"आणि कुत्री? भुंकतात ना आधी?"

आठवून पाहिलं.
चार महिन्यांत इथलं कुत्रं
रात्री भुंकलेलं ऐकलं नाही.